शेवटपर्यंत न पोचलेल्या पेशी

बाळ जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत नर्स एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते : "शी झाली का?" नातेवाइकांना त्याचं हसू येतं, पण ती मात्र झाल्याची वेळ कागदावर टिपून ठेवते. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना २४ तासांच्या आत पहिली शी होते. काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट. ४८ तास उलटले तरी काही नाही, पोट ढोलासारखं फुगत चाललंय आणि त्यात हिरवी उलटी झाली, तर मुलांच्या डॉक्टरांच्या मनात जी मोजकी नावं येतात त्यांत एक असतं हर्शस्प्रंगचा आजार. साधारण ५००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो आणि मुलग्यांमध्ये त्याचं प्रमाण मुलींच्या जवळपास चौपट आहे.

या आजारात नेमकं काय बिघडलंय हे कळायला वैद्यकशास्त्राला फार वेळ लागला, आणि त्या उशिराचं कारण मजेशीर आहे. कोपनहेगनमधले मुलांचे डॉक्टर हाराल्ड हर्शस्प्रंग यांनी १८८६ साली बर्लिनच्या एका सभेत दोन बाळांची हकीकत मांडली. दोन्ही बाळं दगावली होती. शवविच्छेदनात त्यांचं मोठं आतडं फुगून अवाढव्य झालेलं दिसलं. साहजिकच त्यांना वाटलं, आजार या फुगलेल्या भागात आहे. पुढची कित्येक दशकं शल्यचिकित्सकांनीही तेच धरून चालत फुगलेलं आतडं कापलं, उरलेली टोकं जोडली, आणि मुलं पुन्हा त्याच तक्रारी घेऊन परत आली. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी, यातला प्रकार. फुगलेला भाग बिचारा निरोगी होता, पुढची वाट बंद असल्यामुळे ढकलून ढकलून ताणला गेलेला. दोष होता त्याच्या खालच्या, गुदद्वाराजवळच्या, अरुंद आणि दिसायला अगदी साध्या तुकड्यात. बॉस्टनमध्ये ऑर्व्हर स्वेन्सन यांनी तो साधा दिसणारा तुकडा काढून वरचं आतडं खाली ओढून जोडलं. १९४८ साली ती शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली आणि मुलं बरी होऊ लागली.

त्या अरुंद तुकड्यात काय नसतं? चेतापेशी नसतात.

आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतःचं एक जाळं असतं. कोट्यवधी पेशींचं. त्या छोट्या छोट्या घोळक्यांनी, स्नायूंच्या दोन थरांमध्ये आणि आतल्या अस्तराखाली बसलेल्या असतात. या घोळक्यांना गँग्लियन म्हणतात. मेंदूला न विचारता हे जाळं आपलं काम करतं : मागचा स्नायू आवळायचा, पुढचा सैल सोडायचा, की आतला मजकूर एक पाऊल पुढे. यात सैल सोडणं हा भाग आपण विसरतो. आतड्याचा स्नायू स्वतःहून आवळलेलाच राहू पाहतो, आणि "सोड" हा निरोप चेतापेशीच नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायनं सोडून देतात. पेशी नसल्या की निरोप नाही, स्नायू घट्ट, वाट बंद.

आता प्रश्न असा की आतड्याच्या टोकालाच या पेशी का नसतात? मधलाच एखादा तुकडा रिकामा का राहत नाही? याचं उत्तर गर्भात दडलंय. आतड्याच्या चेतापेशी आतड्यात जन्मत नाहीत, त्या बाहेरून येतात. गर्भाच्या मानेजवळ, जिथे पुढे मेंदूचा तळ तयार होणार असतो त्या भागातून, न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशींचा एक जथा निघतो. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो अन्ननलिकेच्या वरच्या टोकाशी आतड्यात शिरतो आणि सातव्या आठवड्यापर्यंत पार खालच्या टोकाला पोचतो. शेपटीकडून येणाऱ्या थोड्या पेशींची त्याला भर पडते, पण मुख्य भार वरून आलेल्यांवरच. आणि हे सगळं चालू असताना आतडंही लांबत असतं, म्हणजे चालणाऱ्याच्या पायाखाली रस्ता वाढत राहावा तसं. जथा कुठे थांबला, थकला किंवा त्यात माणसं कमी पडली, तर रिकामा राहणार तो शेवटचा टप्पाच. म्हणून दहातल्या आठ बाळांमध्ये आजार गुदाशय आणि त्याच्या लगतच्या वळणापुरता असतो. थोड्या बाळांमध्ये संपूर्ण मोठं आतडंच रिकामं राहतं.

कोंबडीच्या गर्भावर हे पडताळूनही पाहिलं गेलंय. निघणाऱ्या जथ्यातल्या काही पेशी सुरुवातीलाच काढून टाकल्या, तर उरलेल्या पेशी आतड्यात विरळ पसरत नाहीत. वरचा भाग त्या नीट भरतात आणि शेवट रिकामा सोडतात. म्हणजे प्रश्न जितका चालण्याचा, तितकाच संख्येचा.

या जथ्याला चालवतं कोण, वाढवतं कोण, याचं उत्तर म्हणजे चेतावर्धक घटक, इंग्रजीत ज्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात ते. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर टॉनिकची बाटली येते, आणि माझ्या मते या नावाने बराच गोंधळ घातलाय. टॉनिक सगळ्या शरीराला सारखं मिळतं. हे घटक म्हणजे आजूबाजूच्या पेशींनी एका ठरावीक जागी, ठरावीक दिवसांत सोडलेली प्रथिनं आहेत. आणि ती ऐकू कोणाला जाणार, तर ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्यासाठीचा कान आहे तिलाच. हा कान म्हणजे रिसेप्टर. कान नसलेल्या पेशीपाशी कितीही ओरडा, तिला काही नाही.

ही सगळी कल्पनाच पहिल्यांदा सुचली ती रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्या कामातून. ज्यू असल्यामुळे १९३८ च्या वांशिक कायद्यांनी इटलीत त्यांना विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले. त्यांनी तुरिनमधल्या घरी, आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून त्यांची शस्त्रं केली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम सुरू ठेवलं. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. तिथे उंदराच्या एका गाठीजवळ कोंबडीच्या गर्भातल्या चेता वेड्यासारख्या वाढतात हे दिसल्यावर, १९५२ साली ते उंदीर घेऊन त्या विमानाने रिओ दी जानेरोला गेल्या, कारण काचेच्या बशीत पेशी वाढवण्याची सोय तिथल्या एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत होती. बशीत गर्भाचा एक चेतागुच्छ ठेवला, थोड्या अंतरावर गाठीचा तुकडा. दुसऱ्या दिवशी गुच्छाभोवती सर्व बाजूंनी तंतू फुटलेले, सूर्यबिंबाभोवती किरण काढावेत तसे. मधे काहीतरी विरघळून पोचलं होतं. ते काहीतरी म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

यानंतर भावंडं सापडत गेली. १९८२ साली डुकराच्या मेंदूतून बीडीएनएफ, पुढे एनटी-३. या घराण्याच्या रिसेप्टरांना ट्रक म्हणतात : एनजीएफसाठी ट्रक-ए, बीडीएनएफसाठी ट्रक-बी, एनटी-३ साठी ट्रक-सी. आणि पी-७५ नावाचा एक रिसेप्टर आहे जो सगळ्यांनाच थोडंथोडं धरतो. हा पी-७५ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंमत अशी की आतड्यात जाणाऱ्या त्या जथ्याला एनजीएफची फारशी गरजच नसते. एनजीएफ नसलेल्या उंदरांत वेदना वाहणाऱ्या चेता नाहीशा होतात, पण आतड्यातलं जाळं तयार होतं. एनटी-३ वर थोड्या, उशिरा तयार होणाऱ्या पेशी अवलंबून असतात. जथ्याचा खरा वाटाड्या वेगळ्याच घराण्यातला निघाला. त्याचं नाव जीडीएनएफ. १९९३ साली तो सापडला तेव्हा त्याच्याकडे मेंदूतल्या, कंपवातात मरणाऱ्या चेतापेशींचा तारणहार म्हणून पाहिलं जात होतं. आतड्याचा कुणाच्या मनातही विचार नव्हता. मग १९९६ साली तीन वेगवेगळ्या गटांनी जीडीएनएफचा जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्या पिल्लांना मूत्रपिंडं नव्हती, आणि आतड्यात चेतापेशीही नव्हत्या.

हे ऐकून रेट या रिसेप्टरवर काम करणाऱ्यांचे कान टवकारले असणार, कारण रेटचा जनुक नसलेल्या उंदरांतही दोन वर्षांपूर्वी हुबेहूब हेच दिसलं होतं. जोडी जुळली. जीडीएनएफ हा निरोप, रेट हा कान. फक्त हा कान थोडा विचित्र आहे, एकटा ऐकत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर जीएफआर-अल्फा-१ नावाचं एक साहाय्यक प्रथिन असतं, ते जीडीएनएफला आधी पकडतं, मग दोन रेट एकमेकांजवळ ओढले जातात आणि पेशीच्या आतल्या बाजूला एकमेकांवर फॉस्फेट चिकटवतात. तिथून पुढे आत आदेशांची साखळी सुरू होते : जग, दुप्पट हो, पुढे सरक. आतड्याच्या भिंतीतल्या पेशी जथ्याच्या पुढे पुढे जीडीएनएफ तयार करत जातात. बशीत आतड्याचा तुकडा ठेवून शेजारी जीडीएनएफमध्ये भिजवलेला बारीकसा मणी ठेवला, तर चेतापेशी आतड्यातून बाहेर पडून मण्याकडे रांगत जातात.

१९९४ साली हर्शस्प्रंगच्या रुग्णांमध्येच रेटच्या जनुकात दोष सापडले होते. घराण्यात चालत आलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांत ते असतात, एकट्यादुकट्या रुग्णांत बरेच कमी. म्हणून "आईकडून आला की वडिलांकडून" या प्रश्नाला बहुतेक घरांत सरळ उत्तर नसतं. २००५ साली अरविंद चक्रवर्ती यांच्या गटाने दाखवलं की रेटच्या जनुकाच्या आत, पण प्रथिनाची कृती न लिहिलेल्या भागात, एक अगदी सामान्य बदल असतो. त्यामुळे रेटचं प्रथिन बिघडत नाही, फक्त थोडं कमी बनतं. हा बदल घेऊन असंख्य निरोगी माणसं आयुष्य काढतात. त्याच्या जोडीला आणखी एकदोन उणेपणा आले की जथा शेवटच्या टप्प्यात कमी पडतो. कोणी काही खाल्लं म्हणून किंवा काही पाळलं नाही म्हणून बाळाला हे झालं, असं म्हणत आईला बोल लावणाऱ्यांनी हा हिशेब एकदा नीट वाचावा. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत हा आजार बराच जास्त आढळतो, तोही असाच वाढीव भार.

दुसरी एक जोडी आहे, एंडोथेलिन-३ आणि त्याचा रिसेप्टर. जथ्यातल्या पेशींनी वाटेतच घाईघाईने "मोठं" होऊन बसू नये, प्रवास संपेपर्यंत पोरवयात राहावं, हे ती सांभाळते. इथे एक सुंदर धागा आहे. न्यूरल क्रेस्टच्या पेशींपासूनच त्वचेला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशीही बनतात, आणि त्यांनाही हाच निरोप लागतो. म्हणून या जोडीत दोष असलेल्या काही मुलांत कपाळावर पांढरी बट, फिकट निळे डोळे, बहिरेपण आणि रिकामं आतडं असं सगळं एकत्र येतं. घोड्यांच्या काही ठिपकेदार वाणांत आईबाप दोघांकडून हा दोष आला तर शिंगरू जवळपास पूर्ण पांढरं जन्मतं, देखणं दिसतं आणि आतडं न हलल्यामुळे थोड्याच दिवसांत मरतं.

मग निरोप जितका जास्त तितकं चांगलं का? हा टॉनिकवाला विचार पुन्हा डोकं वर काढतो, आणि त्याला उत्तर रेटच देतो. रेटमध्ये असेही बदल होतात की कान कायमचा उघडा राहतो, निरोप नसतानाही ऐकू येत राहतो. त्यातून थायरॉइडचा एक विशिष्ट कर्करोग होतो. या गटातल्या एका प्रकारात, एमईएन-२बी मध्ये, बाळाच्या आतड्यात चेतापेशी प्रमाणाबाहेर वाढून गाठीगाठी होतात. आणि त्या बाळाची तक्रार काय असते? बद्धकोष्ठ, फुगलेलं पोट. पेशी नसल्या तरी तेच, अतोनात झाल्या तरी तेच. काही कुटुंबांत तर एकाच बदलामुळे कुणाला हर्शस्प्रंग होतो, कुणाला थायरॉइडचा कर्करोग. म्हणून रेटमधला ठरावीक दोष सापडला तर डॉक्टर बाळाच्या आतड्यासोबत घरच्यांच्या थायरॉइडचीही चौकशी करतात.

जन्मानंतर हे घटक संपत नाहीत, त्यांचं काम बदलतं. एनजीएफचं सांगायचं तर तो मोठेपणी वेदनेच्या चेतांची धार वाढवतो. आतड्याला सूज आली की तिथल्या मास्ट पेशी (शरीराच्या संरक्षक पेशींतला एक प्रकार) आणि इतर पेशी एनजीएफ सोडतात. ट्रक-ए असलेल्या चेता त्याने जास्त हळव्या होतात, आणि जो ताण आधी जाणवतही नव्हता तो दुखू लागतो. वारंवार पोट दुखून जुलाब होणाऱ्या, सगळे तपास मात्र नॉर्मल आलेल्या काही मुलांच्या गुदाशयाच्या अस्तरात एनजीएफचं प्रमाण वाढलेलं मोजलं गेलंय. अशा मुलाला "नाटक करतोय" म्हणणं म्हणजे न दिसणारी गोष्ट नाहीच असं धरून चालणं. मग एनजीएफच अडवला तर? मोठ्यांच्या सांधेदुखीसाठी तशी औषधं करून पाहिली. वेदना कमी झाली, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले, आणि तो मार्ग अडला.

बीडीएनएफची कथा याच्या उलट. स्नायू निकामी करणाऱ्या एएलएस या आजारात तो टोचून पाहिला गेला. त्या आजारावर उपयोग झाला नाही, पण काही रुग्णांना जुलाब लागले. कोणाच्या तरी लक्षात आलं की हा दुष्परिणाम कामाचा आहे. मग निरोगी माणसांना आणि जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या मोठ्यांना बीडीएनएफ आणि एनटी-३ देऊन पाहिलं, आणि मोठ्या आतड्यातला प्रवास खरंच वेगाने झाला. टोचल्या जागी लाली, अंगाला मुंग्या असे त्रासही झाले. औषध म्हणून ते काही बाजारात आलं नाही. तेव्हा "नसा वाढवणारं" म्हणून कोणी काही विकत असेल, तर मुलाच्या बद्धकोष्ठावर त्यावर पैसे घालवू नका.

आणि हेही सांगायला हवं : बद्धकोष्ठ असलेल्या बहुसंख्य मुलांचं आतडं चेतापेशींनी व्यवस्थित भरलेलं असतं. एकदा कडक शी होऊन दुखतं, मूल दाबून धरायला शिकतं, दाबल्याने ती आणखी कडक होते, असं ते चक्र असतं. हर्शस्प्रंगचा संशय येतो तो पहिली शी उशिरा झालेली असेल, त्रास अगदी जन्मापासून असेल, पोट फुगलेलं राहत असेल, वजन वाढत नसेल, किंवा तपासताना बोट काढताच शी आणि वारा जोराने बाहेर पडत असेल तेव्हा. या मुलांत ताप, दुर्गंधीचे पातळ जुलाब आणि ताठ फुगलेलं पोट एकत्र आलं तर तो आतड्याचा गंभीर दाह असू शकतो. शस्त्रक्रिया झालेल्या मुलालाही तो होतो, आणि तेव्हा सकाळची वाट पाहायची नसते.

निदान पक्कं होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली. गुदाशयाच्या अस्तरातून दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा खेचून घेतात. त्याला भूल लागत नाही, कारण त्या उंचीवर दुखणं पोचवणाऱ्या चेता नसतात. मग त्या तुकड्याचे डझनावारी पातळ काप एकामागून एक पाहायचे. "आहे" म्हणायला एक गँग्लियन पेशी पुरते, "नाही" म्हणायला मात्र सगळे काप संपवावे लागतात. शस्त्रक्रियेच्या वेळी तर टेबलावर मूल झोपलेलं असतं, शल्यचिकित्सक एक एक तुकडा वर वर घेत पाठवतो, आणि शेजारच्या खोलीतून "इथे पेशी आहेत" असा निरोप येईपर्यंत कुठे कापायचं ते ठरत नाही.

त्याच कापांत आणखी एक गोष्ट दिसते. गँग्लियन पेशी नसतात, पण चेतातंतूंचे जाडजूड जुडगे असतात, एरवी असतात त्याहून कितीतरी ठळक. इतकी वर्षं ते निदानाला दुजोरा देणारी खूण म्हणून पाहिले जात. हे आले कुठून? पी-७५ रिसेप्टर रंगवून पाहिला तेव्हा ते आतड्याचे स्वतःचे नसून बाहेरून, ओटीपोटातून आत शिरलेले तंतू आहेत असा सुगावा लागला. म्हणजे यजमान घरी नाही आणि पाहुण्यांनी ओसरी भरलीय.

२०२० साली माँट्रियलच्या एका गटाने हर्शस्प्रंगसारखा दोष असलेल्या नवजात उंदरांना काही दिवस रोज जीडीएनएफचा एनिमा दिला. जो निरोप गर्भात पोचायला हवा होता, तो उशिरा आणि उलट्या वाटेने. रिकाम्या आतड्यात नव्या चेतापेशी उगवल्या, त्यांचं जाळं जुळलं, आतडं हलू लागलं आणि एरवी मरणारी बरीच पिल्लं जगली. या नव्या पेशी आल्या कुठून हे शोधताना त्यातल्या बऱ्याचशा त्याच जाड जुडग्यांच्या वेष्टणातल्या श्वान पेशींपासून (श्वान हे इथे एका शास्त्रज्ञाचं नाव) बनल्याचं दिसलं. शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या बाळांच्या आतड्याच्या तुकड्यांवरही, बशीत, जीडीएनएफ घालून पाहिलं गेलं. त्यातल्या काहींमध्ये, जिथे आधी एकही नव्हती तिथे, चेतापेशी दिसू लागल्या.